विकणाऱ्याने इसार द्यायचा नसतो

आमच्या गावाचं नाव झूटरमेर. पुण्याच्या मावशीला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, नावातच झूट?" तिला समजावून सांगावं लागलं की डच भाषेत 'झूट' म्हणजे गोड आणि 'मेर' म्हणजे तळं. गंमत अशी, की ज्या तळ्यावरून हे नाव पडलं ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच उपसून कोरडं केलं गेलं आणि तिथे शेतं झाली. तळं गेलं, नाव मात्र चारशे वर्षं टिकलं. नावाला वस्तूपासून वेगळं आयुष्य असतं आणि कधी कधी वेगळी किंमतही असते. आज लिहायचं आहे ते अशाच विकाऊ नावांबद्दल, म्हणजे इंटरनेटवरच्या डोमेन नावांबद्दल.

आपल्या मंडळात निम्मी मंडळी आयटीतली, त्यामुळे डोमेन म्हणजे काय हे सांगणं म्हणजे काशीकराला गंगा दाखवणं. पण उरलेल्या निम्म्यांसाठी थोडक्यात सांगतो. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतो. भाडं वेळेवर भरत राहिलं तर दुसरा कोणी तो घेऊ शकत नाही. प्रत्येक देशाचं शेपूट वेगळं. हॉलंडचं 'डॉट एनएल' २५ एप्रिल १९८६ रोजी सुरू झालं. ॲमस्टरडॅमच्या 'सीडब्ल्यूआय' या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेतले पीट बेर्टेमा हा सगळा कारभार सुरुवातीला जवळजवळ एकहाती पाहत असत. १९९६ पासून तो आर्नेमच्या 'एसआयडीएन' या संस्थेकडे आहे. सामान्य माणसाला स्वतःच्या नावावर थेट 'डॉट एनएल' घेता येऊ लागलं ते २००३ साली. आपल्या 'डॉट इन'चे दरवाजे सर्वांसाठी उघडले २००५ च्या फेब्रुवारीत.

या पत्त्यांना किंमत कशी येते? जशी चौकातल्या प्लॉटला येते तशीच. १९९९ साली 'बिझनेस डॉट कॉम' हे एक नाव पंचाहत्तर लाख डॉलरना विकलं गेलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' यांच्या खटल्यात स्पष्ट केलं, की डोमेन हा नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखंच त्याला संरक्षण मिळायला हवं. अशा बातम्या वाचून आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या काळात चार-दोन नावं घेऊन ठेवली. गावाकडे प्लॉट घेऊन ठेवावा, कधी तरी भाव येईल, तसं.

माझे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. मी त्यांना दादाच म्हणतो. त्यांनी २००५ साली अशी सहा नावं घेतली होती. पुढे २०१३ च्या हिवाळ्यात त्यांचं काम सुटलं. एक कंत्राट संपलं आणि दुसरं मिळेना. मुलाला डेल्फ्टला प्रवेश मिळाला होता, त्याची फी आणि खोलीचं भाडं समोर उभं होतं. अशा वेळी एका नावासाठी ईमेल आली. 'आमच्या नव्या उद्योगासाठी हे नाव हवं आहे. किंमत सांगा.' दादांनी भीत भीत आठ हजार डॉलर लिहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'मान्य आहे.'

मंडळी, इथेच पहिली घंटा वाजायला हवी. घासाघीस न करता सांगितलेला भाव देणारं गिऱ्हाईक तुम्ही मंडईत तरी कधी पाहिलंय का?

मग एक छोटीशी अट आली. 'आमच्या भागीदारांच्या समाधानासाठी या नावाचं अधिकृत मूल्यांकन हवं. प्रमाणपत्र खऱ्या कंपनीचंच असावं, नाही तर व्यवहार होणार नाही. आम्ही पूर्वी अमुक एका कंपनीचं घेतलं होतं, ते चांगलं होतं.' प्रमाणपत्राचा खर्च पंच्याण्णव डॉलर. 'मूल्य जास्त निघालं तर आम्ही किंमतही वाढवू,' असंही वर लिहिलेलं. दादांनी पैसे भरले. दोन दिवसांत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं, त्यात नावाची किंमत अकरा हजार! गिऱ्हाईक खूष. आता फक्त एकच राहिलं, व्यापारचिन्हाची तपासणी. त्याचे एकशे ऐंशी डॉलर.

हे दुसरे पैसे भरण्याआधी दादांनी मला फोन केला. "अरे, कुठे भरायचे ते कळतंय, पण हे असंच असतं का, एवढं सांग."

मी त्या मूल्यांकन कंपनीचा पत्ता कधी नोंदवला गेला ते पाहिलं. जेमतेम तीन आठवडे झाले होते. गिऱ्हाइकाचा ईमेल पत्ता फुकटच्या सेवेचा. आम्ही दोघांनी मिळून एक साधं उत्तर लिहिलं, 'तपासणीचे पैसे आपणच भरावेत आणि ते किमतीतून वजा करावेत.' अकरा हजार द्यायला निघालेल्या माणसाला एकशे ऐंशी जड नसावेत. त्या पत्राचं उत्तर कधीच आलं नाही.

ही युक्ती किती चलाखीची आहे पाहा. गिऱ्हाईक आणि मूल्यांकन करणारा हे एकच. पण कागदावर दोघांचा काही संबंध नाही. गिऱ्हाइकाने एक पैसाही मागितलेला नाही. कंपनीने ज्याचे पैसे घेतले ते प्रमाणपत्र दिलेलं आहे. दादांनी बँकेला विचारलं, तर तिथल्या माणसाने अगदी सरळ प्रश्न केला, "पण तुम्हाला प्रमाणपत्र मिळालं ना?" रक्कम लहान, देश दुसरा, तक्रार कोण करणार? अशी लहान रक्कम शंभर जणांकडून घेतली की झालं.

याचे भाऊबंदही आहेत. एकात गिऱ्हाईक म्हणतं, पैसे मध्यस्थाकडे ठेवू, आणि मध्यस्थाच्या साइटचा दुवा स्वतःच पाठवतं. साइट हुबेहूब खऱ्यासारखी, पण खोटी. 'पैसे जमा झाले' असं ती सांगते, तुम्ही नाव हस्तांतरित करता, आणि नावही जातं आणि पैसेही येत नाहीत. दुसऱ्यात पैसे खरंच येतात, पण चोरलेल्या कार्डावरून किंवा खात्यातून. मूळ मालकाने तक्रार केली की ते परत जातात, नाव मात्र परत येत नाही. तिसरा प्रकार खास इकडचा. छोट्या दुकानदाराला फोन येतो, 'तुमच्या दुकानाच्या नावाचं डॉट कॉम दुसरं कोणी तरी आजच घेतंय. तुम्हाला हवं असेल तर लगेच हो म्हणा.' घाबरून हो म्हटलं की दहा वर्षांचं बिल येतं. धंदेवाल्यांना असं फसवण्याविरुद्ध इथे १ जुलै २०१६ पासून वेगळा फौजदारी कायदा आहे.

मला प्रश्न पडला तो असा, की आयटीत वीस वर्षं काढलेला माणूस यात अडकतो कसा? उत्तर तांत्रिक नाही. आपण सावध असतो ते विकत घेताना. वांगी दाबून बघतो, साडीचा पदर उलटून बघतो. विकताना आपल्याला वाटतं, पैसे तर माझ्याकडे येणार आहेत, मला कोण फसवणार? ठग नेमका या दारातून आत येतो. हेच आता सगळीकडे दिसतं. इथे मार्क्टप्लाट्सवर जुनी सायकल विकायला काढली की कोणी तरी म्हणतं, 'तुम्ही खरे आहात हे कळण्यासाठी मला एक सेंट पाठवा,' आणि टिक्कीसारखा दिसणारा खोटा दुवा पाठवतं. तिकडे पुण्यात सोफा विकणाऱ्या आजोबांना क्यूआर कोड येतो, 'स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील.' यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो द्यायला.

आपल्या वाडवडिलांना यातलं तंत्र माहीत नव्हतं, पण व्यवहार माहीत होता. जमीन असो की बैल, सौदा ठरला की इसार देतो तो घेणारा. विकणाऱ्याने इसार दिल्याचं कोणी ऐकलंय? डोमेन असो, सायकल असो की सोफा, विकताना गिऱ्हाईक तुम्हाला आधी पैसे भरायला लावत असेल, ते कुणालाही आणि कितीही लहान असोत, तर तो सौदा नव्हे. एवढं एक सूत्र पुरे. पूर्वी आपण इंग्रजीच्या चुकांवरून खोटं पत्र ओळखायचो. आता यंत्रं निर्दोष भाषेत पत्रं लिहून देतात, तेव्हा ती खूणही गेली. २०१८ पासून युरोपच्या गोपनीयता कायद्यामुळे डोमेनमालकांची नावं-पत्ते पूर्वीसारखे उघड दिसत नाहीत, पण नाव विकायला काढलं की संपर्क द्यावाच लागतो. मध्यस्थ हवाच असेल तर तो तुम्ही निवडा आणि त्याचा पत्ता स्वतः टाइप करा. फसवणूक झालीच तर 'फ्राउडेहेल्पडेस्क' या डच संस्थेला कळवा, रक्कम लहान असली तरी.

दादांचे गेले पंच्याण्णव डॉलर. पण मोडले ते अकरा हजार, जे त्यांनी मनातल्या मनात मुलाच्या फीसाठी खर्चही करून टाकले होते. वहिनींना त्यांनी कित्येक महिने काही सांगितलं नाही. मलाही म्हणाले, "मंडळात बोलू नकोस." पैशांपेक्षा लाजेचं ओझं जास्त होतं. आपण परदेशात आलेली शिकलेली माणसं, फसलो हे आपल्या जिभेवर येत नाही, आणि त्या गप्प राहण्यावरच पुढचा माणूस फसतो. यंदा या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "लिही. नाव तेवढं घालू नकोस." काम त्यांना त्याच उन्हाळ्यात मिळालं होतं, आणि मुलगा आता स्वतःच्या पायावर उभा आहे.

तेव्हा कोणाला असं गोड पत्र आलं असेल, किंवा येऊन गेलं असेल, तर पुढच्या कार्यक्रमात मला खुशाल बाजूला घ्या. चहा माझ्याकडून. आणि कोणाला ते नाव खरंच हवं असेल तर तेही सांगा. ते अजून दादांकडेच आहे, दर वर्षी न चुकता भाडं भरून.