काळ्या लाव्हाच्या वाटेवर

पहाटेचे चार. उबुदच्या निवासाबाहेर अंधारात एक जीप येऊन उभी राहते. पुढच्या काचेपाशी ताडाच्या पानांची चिमुकली परडी असते. तिच्यात चार फुले, थोडा भात आणि विझत आलेली उदबत्ती. चालक हात जोडून ‘ॐ स्वस्त्यस्तु’ म्हणतो आणि क्षणभर आपण नेमके कोणत्या देशात आहोत, याचा विसर पडतो. हे इंडोनेशियातील बाली बेट. आपण निघालो आहोत बातुर या जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी, डांबरी रस्ता सोडून लाव्हाच्या काळ्या रानातून जाणाऱ्या सहलीला.

वाचकहो, अलीकडे बालीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांत आजी-आजोबांची संख्या लक्षणीय असते. आपल्या घरातही असा बेत शिजत असेल, तर ‘ही जीपची सहल आपल्याला झेपेल का?’ हा प्रश्न येणारच. आमच्या घरात तो आला होता. त्याचे उत्तर आम्हाला कसे सापडले आणि त्यात मी स्वतः कोठे चुकले, हे आपल्यासमोर मांडावेसे वाटते.

हट्ट नव्हे, इच्छा

माझ्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. वाईजवळच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकवला. जागृत, सुप्त आणि मृत ज्वालामुखींच्या आकृत्या रंगीत खडूंनी फळ्यावर काढण्यात त्यांचे आयुष्य गेले. पण खरा ज्वालामुखी त्यांनी कधी पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी साध्या खोकल्याच्या उबळीने त्यांच्या पाठीचा एक मणका दबला. हाडे ठिसूळ झाल्याचे तेव्हा कळले. औषधे सुरू झाली, वेदना कमी झाली; पण धक्के, ओझे आणि वाकणे यांवर बंदी आली.

बालीचा बेत ठरताच माझे यजमान त्यांना म्हणाले, “आई, जीपच्या दिवशी तू हॉटेलातच आराम कर.” त्या शांतपणे उत्तरल्या, “दुखतो तो मणका. डोळे अजून शाबूत आहेत.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. वृद्धांची काळजी घेताना आपण ‘नाही’ फार लवकर म्हणतो. तो नकार प्रेमापोटी असतो, हे खरे. पण ज्याच्या आयुष्याचा निर्णय आहे, त्याला आपण विचारलेलेच नसते.

प्रवासाच्या तीन आठवडे आधी आम्ही त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मी प्रश्नांची यादीच काढली होती. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि थेट सासूबाईंना विचारले, “आजी, तुम्हाला तिथे नेमके काय पाहायचे आहे?”

“लाव्हा. हाताला लागेल असा.”

“मग त्यासाठी जीप कशाला हवी?” डॉक्टर हसले. खडबडीत वाटेवर गाडी आदळते, तेव्हा तो हादरा कण्याच्या रेषेतून सरळ वर जातो. तरुण मणका तो पचवतो; ठिसूळ मणका पुन्हा दबू शकतो. म्हणून जीप नको. पण साध्या गाडीने, डांबरी रस्त्याने, वाटेत थांबत जाता येत असेल, तर आजींनी अवश्य जावे, असे त्यांनी सांगितले.

आम्ही बालीतल्या वाटाड्याला फोन केला. बातुरला वळसा घालणारा एक डांबरी रस्ता लाव्हाच्या रानातूनच जातो, हे त्याच्याकडून समजले. इतका सोपा मार्ग होता. विचारायचे तेवढे राहिले होते.

पर्वताच्या पोटात

ठरल्याप्रमाणे सासूबाई आणि यजमान सावकाश उठून, न्याहारी आणि औषधे उरकून निघणार होते. माझा मुलगा आणि मी पहाटे जीपने निघालो. उबुदपासून तास-सव्वा तास चढणीचा रस्ता. झोपलेली गावे आणि केळी-नारळाच्या बागा मागे पडल्या. हवा गार होत गेली. समुद्रकिनाऱ्यावरचा दमट उकाडा घेऊन आलेल्यांना ही थंडी अनपेक्षित वाटते. लोकरी टोपी आणि जाड स्वेटर जवळ हवाच.

मग डांबरी रस्ता सुटला. राखेच्या भुसभुशीत वाटेवरून, खडकांवर चाके उचलत, जीप एका टेकाडावर जाऊन थांबली. पूर्वेला उजळू लागले आणि खालचे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. आपण ज्याला दरी समजत होतो, ती दरी नव्हतीच. ती एका विराट पर्वताची कोसळलेली कढई होती. सुमारे एकोणतीस हजार वर्षांपूर्वी झालेल्या महाउद्रेकात पोटातील शिलारस बाहेर पडला आणि आधार गेलेला माथा आत खचला. ही कढई जवळजवळ १४ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद आहे. तिच्या तळाशी चंद्रकोरीसारखे बातुर सरोवर. ते बालीतील सर्वांत मोठे. मधोमध नंतर उभा राहिलेला १,७१७ मीटर उंचीचा बातुर पर्वत. सरोवरापलीकडे अबांग आणि त्याच्यामागे तीन हजार मीटरहून उंच आगुंग, ज्याला बालीचे लोक सर्वांत पवित्र मानतात.

चालकाने थर्मासमधून कॉफी ओतली. ती याच उतारांवर पिकते. कॉफीच्या झाडांसोबत इथे संत्र्यांच्या बागा आहेत. राखेने सुपीक केलेली ही जमीन माणसाला भरभरून देते आणि कधीतरी सारे परतही घेते. १९२६ साली लाव्हाने पायथ्याचे बातुर गाव आणि तेथील मंदिर गिळले. गावकऱ्यांनी कढईच्या काठावर नवे गाव वसवले आणि सरोवराच्या देवीचे मंदिर तिथे पुन्हा उभारले. बालीतील भातशेतीला पाणी वाटून देणारी ‘सुबक’ नावाची सहकारी व्यवस्था या देवीला आपली अधिष्ठात्री मानते. ही व्यवस्था आणि हे मंदिर २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

सूर्य वर आल्यावर आम्ही खाली लाव्हाच्या रानात उतरलो. १९६३ आणि त्यानंतरच्या उद्रेकांत वाहून थिजलेला हा काळा समुद्र. धारदार, सच्छिद्र, नांगरलेल्या शेतासारखा ओबडधोबड. मध्येच एखादे खुरटे झुडूप, एखादा हिरवा शेवाळाचा ठिपका. जीप त्यातून उसळत चालली होती. मुलगा पुढे चालकाशेजारी बसला होता आणि मी मागे, चाकाच्या अगदी वर. प्रत्येक खड्ड्याला मी बाकावरून उचलली जात होते. गंमत वाटत होती. मी हसतही होते.

फळ्यावरचा आणि हातातला

साडेनऊच्या सुमारास डांबरी रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी दिसली. सासूबाई कमरपट्टा बांधून, काठीवर रेलून उभ्या होत्या. रस्त्यापासून लाव्हा जेमतेम चार पावलांवर. आमच्या चालकाने जीप थांबवली, स्वतःची चटई आणली आणि एका सपाट खडकावर घडी करून अंथरली. “इबू,” असे आदराने म्हणत त्याने त्यांना बसवले.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हाताने तो खडक चाचपत राहिल्या. मग नातवाला जवळ बोलावून त्यांनी तास घेतला, तोही अगदी शाळेतल्या आवाजात. “हा बसाल्टच्याच कुळातला दगड. आपला सह्याद्रीही असाच शिलारस थिजून झाला. पण त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. तिथे जमिनीला भेगा पडून रस पसरला, थरांवर थर बसले. इथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो आणि त्यामुळे होणाऱ्या वितळण्यातून हे पर्वत उभे राहतात. वाईच्या घाटात तू ज्या कातळावर पाय ठेवतोस ना, तो तरुणपणी असा दिसत असेल.”

चालकाला मराठी कळत नव्हते. तरीही तो मान तुकवून ऐकत होता. त्यांनी एक हलका, भोकाभोकांचा खडा उचलला, तळहातावर तोलला आणि होता तिथे परत ठेवला. “राहू दे. त्याची जागा इथे आहे,” एवढेच म्हणाल्या.

दुपारी सरोवराकाठच्या तोया बुंगकाह येथील उष्ण झऱ्यांपाशी त्यांनी दहा मिनिटे पाय सोडून ठेवले आणि आम्ही परतलो. त्या रात्री त्या शांत झोपल्या.

मी मात्र झोपले नाही. पाठ आखडली होती. कूस बदलता येईना. परतल्यावरही दहा दिवस ते दुखणे गेले नाही. शेवटी त्याच डॉक्टरांकडे गेले. स्नायूंवर ताण आला होता, मणके सुखरूप होते. पण तपासणीत माझ्याही हाडांची घनता कमी झाल्याचे दिसले. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. सासूबाईंसाठी प्रश्नांची यादी काढताना स्वतःसाठी एकही प्रश्न मी त्या यादीत लिहिला नव्हता. डॉक्टर काही रागावले नाहीत. “काळजी घेणाऱ्याचेही वय वाढत असते,” एवढेच म्हणाले.

निघण्यापूर्वी

आपल्या घरात असा बेत असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

*आधी इच्छा, मग साधन.* घरातील ज्येष्ठांना नेमके काय पाहायचे आहे, ते विचारावे. सूर्योदय, सरोवर, मंदिर किंवा लाव्हा, यांपैकी बहुतेक गोष्टींपर्यंत साध्या गाडीनेही जाता येते.

*कोणी जीप टाळावी?* हाडे ठिसूळ असलेल्यांनी, मणक्याचा अस्थिभंग किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी आणि नुकतीच डोळ्याची, सांध्याची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला मार बसण्याचा धोका ओळखून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साठीपुढील स्त्रियांनी, दुखणे नसले तरी, हाडांच्या घनतेविषयी विचारावे.

*आसन.* पुढचे किंवा दोन्ही चाकांच्या मधले आसन घ्यावे. मागच्या चाकावरचे टाळावे. आसनपट्टा आहे का, चढण्यासाठी पायरी आहे का, हे नोंदणी करतानाच विचारावे. ‘सावकाश’ आणि ‘थांबा’ हे सांगण्याची खूण चालकाशी आधीच ठरवावी.

*औषधांचे वेळापत्रक.* बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले पहाटेचे चार म्हणजे इथले रात्रीचे दीड. इन्शुलिन, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या औषधांच्या वेळा घरूनच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. खाऊ हाताशी ठेवावा. लघवी वाढवणारी गोळी घेतल्यावर लगेच आडवाटेला लागणे गैरसोयीचे ठरते. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळ होतो किंवा लघवी तुंबते. म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

*धूळ आणि वायू.* लाव्हाच्या रानात कोरड्या ऋतूत फार धूळ उडते. मुखपट्टी आणि चष्मा वापरावा. दमा असलेल्यांनी श्वासाचा पंप खिशात ठेवावा, सामानात नव्हे. जागृत ज्वालामुखी असल्याने त्या दिवशीची स्थिती आणि प्रवेशबंदी यांची माहिती स्थानिक वाटाड्याकडून घ्यावी.

*उष्ण झरे.* रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना गरम पाण्यातून एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. दहा मिनिटे पुरेत आणि उठताना हात धरायला कोणी हवे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाण्याची उष्णता सोबत्याने हाताने तपासावी.

*आणि आपण स्वतः.* वरची प्रत्येक गोष्ट काळजी घेणाऱ्यालाही लागू आहे. यादीत आपले नाव लिहावे.

सासूबाईंच्या टेबलावर आता त्या दिवसाचे छायाचित्र आहे. त्यात ज्वालामुखी जेमतेम दिसतो. दिसतो तो काळ्या खडकावरचा त्यांचा हात. शेजारी औषधांचा डबा असतो. पूर्वी तो एकच होता. आता दोन आहेत आणि रोज सकाळी त्याच मला माझ्या गोळीची आठवण करून देतात.