गाळ खोटं बोलत नाही

दरवर्षी ६ डिसेंबर उलटला की दादर चौपाटीवर किती कचरा झाला याची चर्चा सुरू होते. बाबासाहेबांना अभिवादन करायला आलेल्या लाखो माणसांच्या पत्रावळ्या मोजल्या जातात. ७ तारखेच्या साफसफाईत मी दरवर्षी असते, त्यामुळे कचऱ्याचं समर्थन मी करणार नाही. पण पत्रावळ उचलता येते. जी उचलता येत नाही, त्या घाणीबद्दल कोण बोलणार?

चैत्यभूमीच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर माहीमची खाडी आहे. विहार आणि पवई तलावांकडून निघालेली मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून तिथे समुद्राला मिळते. वाटेत शहराचा मैला, गॅरेजचं तेल, कारखान्यांचं सांडपाणी तिच्यात येतं. मुलामा देण्याच्या कामातून क्रोमियम आणि निकेल येतं, जुन्या बॅटऱ्यांतून शिसं, काही रंगांतून कॅडमियम.

हे जड धातू मूलद्रव्यं आहेत. ते कुजत नाहीत, जळून नाहीसे होत नाहीत. चिखलाच्या बारीक कणांना चिकटून ते तळाशी बसतात. भरती-ओहोटीबरोबर पाणी बदलतं, म्हणून एका दिवसाच्या पाण्याच्या नमुन्यावरून फारसं कळत नाही. गाळात मात्र वर्षानुवर्षांचा हिशेब साठतो. तो उपसला, ढवळला, तर त्यातले धातू पुन्हा पाण्यात येऊ शकतात. पाऱ्याचं तर गाळातले जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तिथून तो माशात जातो आणि माशातून माणसात.

जपानच्या मिनामाताला हेच झालं. १९५६ साली तिथल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने मासेमार कुटुंबं आधी मेली, लुळी पडली. आजार संसर्गजन्य आहे असं समजून शेजाऱ्यांनी त्यांनाच वाळीत टाकलं. सरकारने खरं कारण मान्य केलं ते १९६८ मध्ये, १२ वर्षांनी. विष ओतणारा प्रतिष्ठित आणि विष पोटात गेलेला अस्पृश्य! मित्रांनो, ही रचना आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागते का?

मिठीच्या काठावरच्या ज्या वस्तीत मी काम करते, तिथली पोरं बॅटऱ्या फोडतात, सुटे भाग ॲसिडमध्ये बुडवतात. हातमोजे नाहीत. कामाचे कपडे घरी त्याच बादलीत धुतले जातात, ज्यात बाळाची दुपटी भिजतात. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि त्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. धाड पडते तेव्हा याच वर्कशॉपचं शटर खाली येतं. ज्याच्यासाठी तो माल तयार होतो, त्याच्या दाराशी कोणी जात नाही. जात ही नुसती श्रमाची नाही तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं. इथे नफा आणि विष यांचीही तशीच विभागणी झालेली दिसते.

पर्यावरण हा फुरसतीतल्या लोकांचा विषय आहे, असं आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. महाडला १९२७ साली आपण पाण्यावरचा हक्क बजावला. त्या पाण्यात काय मिसळलं जातंय हे विचारणं त्याच हक्काचा भाग आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. खाडी आणि चौपाटीच्या गाळाची पावसाळ्याआधी व नंतर तपासणी व्हावी आणि निकाल मराठीत फलकावर लागावेत. २००५ च्या महापुरानंतर मिठीतून गाळ उपसला जातो. तो कोणाच्या वस्तीशेजारी टाकला जातो, हे जाहीर व्हावं. बॅटरी फोडणाऱ्या कामगारांच्या आणि त्यांच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोफत तपासलं जावं. धंदा बंद करून त्यांना उपाशी मारणं हा उपाय नव्हे. सुरक्षित जागा, साधनं आणि माल घेणाऱ्यावर जबाबदारी, हा उपाय आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. पुढच्या ६ डिसेंबरआधी प्रत्येक शाखेने एक तरी अर्ज टाकावा. पत्रावळ्या आपण उचलूच. पण गाळाचा हिशेबही मागू.

जय भीम!