दोनशे पंचेचाळीस, दगडामागे

मला टीममध्ये घेतलं ते माझा खेळ बघून नव्हे. बारावीच्या पहिल्या घटक चाचणीत चौघांतल्या एकाला गणितात पंचवीसपैकी तीन मार्क पडले, त्याचा मोबाइल आईच्या कपाटात गेला आणि जागा रिकामी झाली. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. बीजीएमआय हा गेम मावेल एवढी जागा वर्गात फक्त माझ्या मोबाइलमध्ये होती, कारण मी तोवर कुठलाच गेम खेळत नव्हतो.

"तुला फक्त जिवंत राहायचंय," कॅप्टन म्हणाला. मला ते सोपं वाटलं.

हायस्कूलची टीम म्हणायचं ते आमचं आम्हीच. शाळेच्या फळ्यावर कबड्डी, खो-खो, कॅरम लागायचं. मोबाइल सापडला तर तो ऑफिसात जमा आणि पालकांना बोलावणं. पण स्पर्धेच्या फॉर्मवर टीमचं नाव टाकायचं होतं, आणि कॅप्टनला शाळेचंच नाव हवं होतं. तो खेळाच्या सरांकडे गेला, मी मागे उभा.

"सर, २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये ब्राँझ आणलंय. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलंय. हांगझोऊला तर मेडलं मोजलीसुद्धा."

जकार्तात हा नुसता प्रदर्शनी खेळ होता आणि ते ब्राँझ पदकतालिकेत धरलं नव्हतं, हे त्याने शिताफीने गाळलं.

सरांनी शांतपणे विचारलं, "मैदान किती बाय किती?"

"आठ किलोमीटर बाय आठ, सर."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खो-खोच्या मुलींसाठी शिटी वाजवली. कॅप्टनच्या मते तो होकार होता.

घरी आईचं म्हणणं, हा तो बंदी घातलेलाच गेम. तिचं अगदीच चूक नव्हतं. पब्जी २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला, २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय नावाने आला, वर्षाने तोही स्टोअरवरून गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. एवढ्या येरझाऱ्या तर आमच्याकडे पावसाळ्यात लाईटही घालत नाही. "पैसे लागतात का?" हा तिचा दुसरा प्रश्न. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ईस्पोर्ट्सला त्यांच्यापासून वेगळं काढणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. तो तेव्हाच असता तर माझी अर्धी संध्याकाळ वाचली असती.

अठराच्या आतल्याला पालकांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो आणि दिवसाला तीनच तास खेळता येतं. बाबा बोटीवर तांडेल. एरवी ओटीपी मागायला मला समुद्रात जावं लागलं असतं, पण जून-जुलै मासेमारी बंद असते, बोट मिरकरवाडा बंदरात बांधलेली आणि बाबा पडवीत जाळं घेऊन बसलेले. ओटीपी बँकेचा नाही याची तीनदा खात्री करून त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

पहिल्या रात्री विमानातून उडी मारायची वेळ आली तेव्हा मी बटण शोधत होतो. तिघे पोचिंकी नावाच्या गावात उतरले, मी एकटाच पार टेकडीपलीकडे. एका घरात बंदूक सापडली, एम४१६. शेजारी गोळ्यांचा ढीग होता, सगळा उचलला आणि समोर माणूस दिसताच चाप ओढला. काहीच होईना. त्या बंदुकीला ५.५६ च्या गोळ्या लागतात आणि मी वेचल्या होत्या ७.६२ च्या. त्या माणसाने घाई केली नाही. हिरवं रक्त उडालं (आपल्याकडच्या आवृत्तीत ते तांबडं नसतं, आणि पडद्यावर "किल" नव्हे, "फिनिश" येतं) आणि मी संपलो. माझ्याकडे आणखी काय निघालं? तवा. सगळे हसले, पण कॅप्टन म्हणाला, तवा ठेव. पाठीला अडकवलेला असला की मागून आलेली गोळी त्याच्यावर आपटते. त्या आठवड्यात माझ्या लक्षात राहिलेली ही पहिली गोष्ट, आणि बाबांनाही एवढीच आवडली.

बंदुकीचं जमलं थोडंफार. अडलं ते बोलण्यावर.

"आला! आला!" मी ओरडायचो.

"कुठे?"

"इकडे! त्या झाडाकडे!"

"मेल्या, हजार झाडं आहेत."

आमच्याकडे पत्ता असाच सांगतात. पाखाडी उतरलास की फणस, फणसाच्या अंगाला विहीर, तिथे कुणालाही विचार. ऐकणाऱ्यालाही फणस दिसत असेल तर हे ठीक. गेममध्ये प्रत्येकजण वेगळ्या घरात दडलेला असतो, त्यामुळे डावं-उजवं आणि इकडे-तिकडे कुचकामी. पडद्याच्या वरच्या कडेला आकड्यांची एक पट्टी सरकत असते, तीच सगळ्यांना सारखी. मी तिला इतके दिवस नक्षी समजत होतो.

चौथ्या दिवशी बाबांनी सुतळीची गाठ दातात धरूनच विचारलं, "आकडे कसले ओरडतोस रे?"

मी पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "हे होकायंत्र. उत्तर शून्य, पूर्व नव्वद. पश्चिम?"

मी बोटं मोजायला लागलो.

"दोनशे सत्तर. बंदरातून बाहेर पडलं की तिकडेच जायचं असतं. आणि आधी आकडा बोल, मग वस्तू, मग किती. वायरलेसवर शेवटचे शब्द खरखरीत जातात. आकडा गेला तर सगळंच गेलं."

मग पाऊस थांबला की पडवीच्या पायरीवर उभं राहून माझी तालीम. मोबाइलातलं होकायंत्र त्यांच्या हातात, मी नुसत्या डोळ्यांनी. "विहीर?" एकशे दहा. "एकशे चाळीस. काकूंचं न्हाणीघर?" तीस. "बरं."

स्पर्धा मारुती मंदिराजवळ एका क्लासच्या हॉलमध्ये होती. सोळा टीम, चौसष्ट जण, दारात चौसष्ट जोड चिखलाच्या चपला आणि आत ओल्या रेनकोटांचा कुबट वास. घामाने अंगठा सरकू नये म्हणून पोरं कॅरमसारखी पावडर लावत होती. पहिल्या नंबराला दहा गुण, दुसऱ्याला सहा, असं उतरत आठव्याला एक. शिवाय दर फिनिशला एक. पहिल्या मॅचला आम्ही तेरावे. दुसरीबद्दल न बोललेलं बरं.

तिसऱ्या मॅचला गवतात पालथा पडलो होतो. खेळायच्या जागेचं वर्तुळ आवळत आलं होतं. खडकाच्या कडेला काहीतरी हललं, आणि माझ्या तोंडून माझ्याच आवाजात नव्हे असं निघालं, "दोनशे पंचेचाळीस, दगडामागे, दोन."

कुणी "कुठे" विचारलं नाही. कॅप्टनचा हातबॉम्ब खडकावरून पलीकडे गेला. दोन फिनिश. मी आनंदाने उठून उभा राहिलो, आणि तिथेच गेलो. आम्ही सातवे आलो. दोन फिनिशचे दोन आणि सातव्याचा एक, दिवसभराचे मिळून तीन गुण.

घरी बाबा जाळ्यावरच होते. मी सगळं सांगितलं. "आणि तुला कुठून लागली?"

"पासष्ट."

त्यांनी हवेत बोटाने रेघ ओढली, दोनशे पंचेचाळीसवरून उलट. "म्हणजे बरोबर पाठीत."

"हो."

"मग तवा कुठे होता?"