शर्यतीआधीचा हात

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी माझ्याकडे मालिशला येणारा जवळजवळ प्रत्येक धावपटू म्हणतो, "दादा, चांगला जोर लावा. पाय पार मोकळे करून टाका." त्या दिवशी मी जोर लावत नाही.

कारण यवतेश्वरचा घाट. २१ किलोमीटरच्या या शर्यतीत आधी चढायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. चढाला पोटऱ्या दमतात, पण मांड्यांचा खरा कस उतारावर लागतो. प्रत्येक पावलाला अंगाचं वजन सावरताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो. त्याच मांडीत आदल्या संध्याकाळी कोपर रुतवलं, तर सकाळी ती ठणकतच उठते. गाठी सोडवायचं काम चार-पाच दिवस आधीच उरकायला हवं.

आदल्या दिवशी थोडंसं तेल आणि घोट्यापासून जांघेपर्यंत लांब, संथ हात, एवढंच. पोटरी तळहातात घेऊन हलवली की माणूस किती धास्तावलाय ते कळतं. "पाय सैल सोड," म्हटलं तरी मी उचलायच्या आत तो स्वतःच उचलून देतो. पायाचा अंगठा ताठ असतो. मी घाई करत नाही. काही वेळाने पायाचं सगळं वजन माझ्या हातात येतं आणि मग तो बोलतो, "डाव्या गुडघ्याच्या बाहेरून कळ येते. कोचना सांगितलं नाही." त्याला तिथेच सांगतो, आज सांग, आणि उतारावर लांब ढांगा टाकू नकोस.

मालिशने लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं, असं अजूनही सर्रास ऐकू येतं. ते शरीर तास-दोन तासांत स्वतःच वापरून टाकतं. २०२० साली शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २९ अभ्यास एकत्र तपासले. मालिशने ताकद, वेग किंवा दम वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. लवचीकता थोडी वाढते, नंतरची अंगदुखी थोडी कमी होते, इतकंच दिसलं. मला यात कमीपणा वाटत नाही. दम सरावानेच येतो. घाबरलेल्या माणसाला आपल्या पायांची खरी अवस्था कळावी आणि तो निवांत झोपावा, हे माझं काम.

शेवटी तळव्यांचं तेल कोरड्या पंच्याने पुसतो, कारण मोज्यात पाय सरकला की फोड येतात. आणि ज्याने कधीच मालिश करून घेतलेली नाही, त्याला आदल्या दिवशी मी हात लावत नाही. नवा बूट, नवं खाणं आणि नवा हात, तिन्ही सरावातच पारखून घ्यावेत.