योजनेच्या अलीकडचा खर्च

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला किती पैसे लागले असं विचारलं की माणसं दवाखान्याच्या बिलाचा आकडा सांगतात. आमच्या हदगाव तालुक्यात तो आकडा मला कायम अपुरा वाटतो. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा नांदेड होता. आज तीच महात्मा फुले जनआरोग्य योजना. तिच्यामुळे अनेकांची वावरं वाचली, हे मी मोकळ्या मनानं सांगेन. पण योजना सुरू होते निदान झाल्यावर.

त्याआधीचा सगळा काळ मूळव्याधीच्या नावावर जातो. शौचातून रक्त पडलं की आमच्याकडे दुसरं काही मनातच येत नाही. झाडपाला होतो, मलम होतं, पथ्य होतं. बायामाणसं तर घरातही बोलत नाहीत. वेळेवर कळलं असतं तर एका ऑपरेशनवर भागलं असतं, तिथे मग केमो लागते. माझ्या मामांनी नुसत्या तपासण्यांसाठी, भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेली हळद पडत्या भावात मोंढ्यावर नेली.

मामांना ऑक्सालिप्लॅटिन चालू होतं. या औषधानं गार वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्या येतात, गार घोट घशाला टोचतो. एप्रिलच्या उन्हात घरातले सगळे माठातलं पाणी प्यायचे आणि मामा कोमट. औषध थांबलं, बोटांचा बधिरपणा मात्र राहिला. खुरपं हातातून कधी निसटलं ते कळायचं नाही. सदऱ्याची बटणं मामी लावून द्यायची. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे हळदीला पाणी द्यायला गडी लावावा लागला. त्या गड्याची मजुरी कुठल्या बिलात धरायची?

ऑपरेशननंतर शौचासाठी पोटाला लावायच्या पिशवीचंही तसंच. ठरल्या दिवशी बदलायची ती पिशवी मामी धुऊन आणखी दोन दिवस ओढायची. कड सुटली की भोवतालची कातडी सोलून निघायची. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत, एसटीत सवलत आहे, तिचा मोठा आधार होतो. तरी मुंबईला टाटात जायचं म्हणजे सोबत पोरगा हवा, आणि पोरगा गेला की सोयाबीनची फवारणी राहते.

तिशीपुढच्या माणसांच्या सरकारी कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच येतं. घरोघर जाणाऱ्या आशाताईंनी शौचातून रक्त जातं का, हेही विचारावं, असं मला फार वाटतं. आतड्यातल्या साध्या कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात आणि दुर्बिणीनं तपासतानाच तो कोंब काढता येतो. ज्याला रक्त जातं त्याची ही तपासणी नांदेडला व्हावी, तिचा खर्च योजनेनं निदानाची वाट न पाहता उचलावा आणि त्या दिवसाची मजुरीही द्यावी.