पडद्याचे माप

‘पडदा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि इथे येऊन त्याने दोन परस्परविरोधी कामे पत्करली. रंगभूमीवर पडदा वर जातो तो काही दिसावे म्हणून. घरात तो ओढला जातो तो काही दिसू नये म्हणून. नाटकातल्या पडद्याविषयी मी वर्गात अनेक वर्षे बोलत आले आहे. घरातल्या पडद्याचा विचार मात्र बदलापूरच्या घरात मुलीला स्वतंत्र खोली मिळाली तेव्हाच करावा लागला.

खिडकी चार फूट रुंद, तेवढीच उंच. समोर उंच इमारतीचे बांधकाम आणि तिथल्या दिव्याचा झोत रात्रभर थेट उशीवर. तयार पडद्यांच्या किमती घराच्या हप्त्याशेजारी मांडून पाहिल्या आणि पडदे घरीच शिवायचे ठरले. हिशेब साधा आहे. चुण्या नीट पडायच्या तर रुंदीच्या जवळजवळ दुप्पट कापड हवे; म्हणजे ४५ इंच पन्ह्याचे दोन तुकडे. उंची ४८ इंच, वर-खाली झाकायला १२, दांडीच्या नेफ्याला ४, खालच्या दुमडीला ६ आणि नवे कापड आटते म्हणून आणखी २; एकूण ७२. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. तिच्यातून असे तीन तुकडे निघतात. सासूबाईंची एक गडद निळी सुती साडी अस्तराला घेतली; तिसऱ्या तुकड्याचे अभ्रे झाले. वरचे कापड तेवढे आणायचे राहिले.

त्यासाठी उल्हासनगरला गेले. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते तिला आजचे नाव मिळाले. पत्ते अजूनही ‘कॅम्प’च्या आकड्यांनी सांगितले जातात. मुलीच्या खोलीसाठी कापड हवे म्हटल्यावर गल्ल्यावरचे वृद्ध काका हसले. बराकीत चार कुटुंबे राहत. त्यांच्या घराची पहिली भिंत म्हणजे दोरीवर टाकलेली आईची चादर, असे ते म्हणाले.

मला ते ऐकून नवल वाटले नाही. माझे बालपण अंबरनाथला एका खोलीत गेले. वडील कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी येत आणि दोरीवर टाकलेल्या लुगड्यापलीकडे झोपत. दिवसभर आम्ही भावंडे कुजबुजत बोलत असू. खोली एकच होती. पण त्या लुगड्यापलीकडे रात्र असे आणि अलीकडे दिवस.

व्हर्जिनिया वुल्फने ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये (१९२९) स्त्रीच्या लेखनासाठी वर्षाला ५०० पौंड आणि आतून कुलूप लावता येईल अशी खोली मागितली. हे पुस्तक शिकवताना मला नेहमी वाटत आले आहे की, आपल्याकडे कुलपाच्या आधी पडद्याचा एक प्रदीर्घ काळ आहे आणि त्याची नोंद आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही. ज्यांना खोली नव्हती त्यांनी एकांत कापडाने मापून घेतला.

पडदे शिवून झाले, आणि मुलीने ते लावू देण्यास नकार दिला. “पडदा लावलास तर तू येताना मला कशी दिसशील?” स्टेशनकडून येणारा रस्ता तिच्या खिडकीतून दिसतो. मला घरी पोहोचायला आठ-साडेआठ होतात आणि ती तोवर तिथे उभी असते, हे मला तेव्हा कळले. या तीन गावांतल्या किती खिडक्यांत अशी मुले उभी असतील!

मग खिडकीपाशी बसून नीट पाहिले. दिवा उंचावर होता. खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेड उशीपर्यंत जात होता. खालच्या भागातून येणारा खिडकीलगतच्या फरशीवर पडून संपत होता. झाकायला हवा होता तो वरचा अर्धा भाग, आणि रस्ता दिसत होता तो खालच्या अर्ध्यातून. पडदे अर्ध्यापर्यंत आणले. कापड मात्र कापले नाही. खालून आत दुमडून लांब धावदोऱ्याने टाचले.

पुढे कधी तरी तिला रस्त्यापासून, कदाचित माझ्यापासूनही, काही झाकून ठेवावेसे वाटेल. तो तिचा हक्क आहे. त्या दिवशी तिने दोरा उसवावा. कापड पुरेल इतके आत आहे.