आवाजाचे वाटेकरी

स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी विमान बांधणारी माणसे जगात आहेत, याचे आपल्यापैकी अनेकांस नवल वाटेल. अमेरिकेत अशा हौशी कारागिरांनी पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने १९५३ साली मिलवॉकी येथे आपली संघटना स्थापिली. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधिले. २०१६ साली ते प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

मी यंत्रज्ञ नव्हे. यंत्रांविषयी वाचण्याची आवड मात्र मला सेमिनरीच्या दिवसांपासून आहे. या विमानकारांचा एक प्रश्न वाचनात आला, आणि तो आपल्याही घरांतला आहे असे वाटले. तो प्रश्न इंजिनाच्या आवाजाचा.

सिलिंडरमध्ये इंधन जळते आणि बाहेरची झडप उघडते, तेव्हा आतील वायू अद्याप दाबाखाली असतो. तो एकदम सुटतो व हवेला तडाखा बसतो. चार सिलिंडरांचे नेहमीचे विमान-इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर असे तडाखे दर सेकंदास ८० बसतात. यावर उपाय सायलेन्सर. अरुंद नळीतून रुंद डब्यात शिरताना ध्वनिलहरीचा काही भाग मागे परततो. नळीला छिद्रे पाडून भोवती काचेची लोकर भरली, तर आणखी काही भाग तीत जिरून त्याची उष्णता होते. परंतु डब्याचे वजन वाढते, वायूची वाट अडली तर इंजिनाची शक्ती घटते, आणि विमानात तर किलोकिलोचा हिशेब असतो.

एवढे करूनही कारागीर पुष्कळदा निराश होतो. कारण आवाजाला दुसरा वाटेकरी आहे. तो म्हणजे पुढचा पंखा. १.८ मीटर व्यासाचा पंखा त्याच गतीने फिरला, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे २२६ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दोन तृतीयांश वेगाने हवा कापते. दोघांचा आवाज सारखा असेल आणि त्यांतील एक अगदी मुका केला, तरी मापावर केवळ ३ डेसिबल उतरतात. कानाला आवाज निम्मा वाटावा, तर सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणून जाणता कारागीर सायलेन्सर बसवितो आणि पंख्याचे फेरेही कमी करतो.

कुटुंबातील गाऱ्हाणी घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा प्रत्येकाजवळ दुसऱ्याच्या आवाजाचे माप तयार असते. "फादर, मी गप्प बसलो, तरी घर शांत झाले नाही," असे एखादा म्हणतो. त्याचे म्हणणे खरे आहे. पण त्याचे मौन व्यर्थ गेले असे मात्र नव्हे. एकाने आवाज उतरविल्यावाचून घर कधीच शांत व्हावयाचे नाही. प्रथम जो उतरवितो, त्याला फळ थोडे दिसते, एवढेच.

आणखी एक गोष्ट विमानकार फार जपतात. पुष्कळ लहान विमानांत बसण्याची जागा ऊबदार राखण्यासाठी तापलेल्या सायलेन्सरभोवतीची हवा आत घेतात. सायलेन्सरला बारीक तडा गेला, तर तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना रंग ना वास. वैमानिकाला गुंगी येते व प्राण जातो. म्हणून तो डबा वेळोवेळी उघडून तपासावा लागतो.

आपल्या मौनाचेही असेच आहे. वर शांतता आणि आत कोंडलेला राग, अशा घरात भांडण ऐकू येत नाही, पण माणसे हळूहळू गुदमरतात. ते मौन तपासावे. जे बोलावयाचे ते सौम्यपणे बोलावे, आणि पापनिवेदनाच्या वेळी तो राग देवापुढे ठेवावा.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेटोच्या पवित्र मातेला वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे लोरेटोस नेले, अशी परंपरा आहे. त्या घरात योसेफाची करवत चालत असेल, हातोडा वाजत असेल. कामाचा आवाज कोणत्या घरात नसतो? आज रात्री कुटुंबाची रोझरी म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा आवाज तेवढा ओळखावा. शेजाऱ्याच्या वाट्याचा तो शेजारी पाहील.